अकराव्या मजल्यावरची शेगडी

दहिसर,
बुधवार, दुपार

प्रिय आई,

आधीच सांगून ठेवते, हे पत्र जयवंतमामाच्या हातात देऊन ‘वाच आणि काय ता सांग’ असलं काही करायचं नाही. चष्मा लाव, पडवीत बस आणि स्वतः वाच. चौथीपर्यंत शिकलीस ना? मी चौथीलाच शिकवते, तेव्हा तुला कळेल असंच लिहिते. फोन तू घेत नाहीस. मी कधीही लावला तरी मामी उचलते आणि तू म्हणे नुकतीच देवळात गेलेली असतेस. सारखी देवळात जाणारी तू नव्हेस, हे मला माहीत आहे. परवा मामीने व्हिडिओ कॉल चालू ठेवून तुझ्या मागे मागे सगळं घर पालथं घातलं, तर मला दिसली फक्त तुझी पाठ आणि मागचा एक माड. तुझ्या पाठीशी किती दिवस बोलायचं गं? म्हणून शेवटी कागद घेतला. निलेश शुक्रवारच्या गाडीने कुडाळला येतोय, तो तुझ्याच हातात देईल. तसं त्याला बजावलंय.

इकडचं सांगते. तुझ्या लाडक्या लेकाने, निलेशने, स्वयंपाक हातात घेतलाय आणि आमची वाट लागली आहे. काल कुळथाची पिठी केली तर भोवऱ्याएवढ्या गुठळ्या, आणि वर मलाच ऐकवतो की ताई, चावून खा, ताकद येते. सुशांत ऑफिस सुटलं की आधी इथे येतो, इराला घेऊन बसतो आणि मग मुलुंडला जातो. मला घरी चल म्हणून मागे लागलाय. मी म्हटलं, पहिलटकरीण माहेराहून निघते ती आईने ओटी भरून पाठवल्यावर. माझी ओटी अजून कुणी भरलेली नाही, तेव्हा मी हलणार नाही. तो म्हणाला, शेजारच्या प्रेमाकाकू भरतील ना. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप चहा ठेवायला गेला. बिचाऱ्याला आपल्याकडचं काही कळत नाही, आणि मलाही हल्ली समजावून सांगायचा कंटाळा येतो.

इरा बरी आहे. दूध पिते, अंगाने भरली आहे, मागचे केस घासून घासून टक्कल पडलंय. रागावली की माझ्यासारखीच नाक फेंदारते, असं निलेश म्हणतो. बाराव्या मजल्यावर लाद्या फोडायचं काम चाललंय. सकाळपासून ते ड्रिलिंग सुरू झालं की माझं डोकं उठतं, भांडी मांडणीवर थरथरतात, आणि ही आपली गाढ झोपलेली. येणारी जाणारी म्हणते, किती गुणाची पोर, कशाचा म्हणून त्रास नाही. मी हो म्हणते.

आता मुद्द्यावर येते. मामी सांगत होती की तू तिला सारखं विचारतेस, खरंच शेगडीनेच झालं का. आणि मामीने, निलेशने, प्रेमाकाकूंनी, सगळ्यांनी तुला सांगितलंय की नाही हो, श्वेताला अशक्तपणाने चक्कर आली, पोरीला थंडी बाधली, देवाच्या कृपेने निभावलं. आई, ते खोटं आहे. शेगडीनेच झालं. तुझी समजूत काढायला सगळे गोड बोलतायत आणि तू काही खुळी नाहीस, तुला ते कळतंय, म्हणून तर तू परत परत विचारतेस. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण ते कसं झालं हे तुला कुणी धड सांगितलंच नाही. डॉक्टर माझ्याशी बोलले, सुशांतशी बोलले, तुझ्याशी कुणी बोललं नाही. आणि त्यामुळे तू भलतंच धरून बसलीस. म्हणे, माझ्या हाताचा यश गेला.

कसलं यश आणि कसलं गेलं? चाळीत कुणाचीही लेक बाळंतपणाला आली की तुला बोलावणं यायचं. तू पदर खोचून जायचीस, दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायचीस आणि त्या लोण्यासारख्या पोराला पायांवर पालथं घालून असं चोळायचीस की बघणारीचाच जीव खालीवर व्हायचा. मग शेगडी. निखारे बाजेखाली, वर बाळंतीण, तिचे कान बांधलेले, ओव्याचा नि शेपांचा वास सगळ्या गल्लीत. मी शाळेतून आले की त्या वासावरून ओळखायचे, आज आई कुणाकडे आहे. एवढी पोरं तुझ्या हाताखालून गेली आणि एकाला साधी शिंक आली नाही. त्यात तुझ्या हाताचं यश होतंच, मी नाही म्हणत नाही. पण त्यात आपल्या चाळीच्या छपराचाही वाटा होता, आणि ते श्रेय छपराला आपण कधी दिलंच नाही.

आठव जरा ते छप्पर. कौलं. भिंत संपायची आणि कौलं सुरू व्हायची त्याच्या मध्ये हात जाईल एवढी फट. तिच्यातून प्रेमाकाकूंच्या घरातला धूर आपल्याकडे यायचा, आपल्या सुक्या बांगड्याचा वास त्यांच्याकडे जायचा आणि त्यावरून तुमची दोघींची जुंपायची. बाबा किती वेळा म्हणाले, ती फट बुजवून टाकू. बरं झालं बुजवली नाही. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते, हे मी मुलांना उदबत्ती लावून दाखवते. तुझ्या शेगडीवरची हवा अशीच वर जायची, कौलांतून बाहेर पडायची, आणि दाराखालून, खिडकीच्या फळ्यांतून ताजी हवा आत यायची. तू दार कितीही घट्ट लावलंस तरी ती खोली कधी बंद नव्हतीच. तुला वाटायचं वारा अडवला. वारा कसला अडतोय, तो आपला वरून चालला होता.

आता चाळ पाडून तिच्या जागी बांधलेल्या इमारतीतला हा अकरावा मजला बघ. चावी घेतली त्या दिवशी तूच खिडकी सरकवून मला दाखवलीस, बघ गं, रबराची पट्टी लावलीय, धूळ नाही, डास नाही, हायवेचा आवाज नाही. किती खूश होतीस. मीही होते. वर कौल नाही, सिमेंटचा स्लॅब आहे. फट म्हणून कुठे नाही. जानेवारीत तो गारठा पडला तेव्हा तू म्हणालीस, वारो लागतलो गे तुका, आणि खिडकी लावलीस, दार लावलंस, दाराच्या खाली जुनी चादर गुंडाळून सारलीस. चाळीत जे जे करायचीस तेच केलंस, एक काडी इकडची तिकडे नाही. हात तोच, निखारे तेच, ओवा तोच. घर बदललं होतं, आई. एवढंच झालं. आणि एवढंच पुरलं.

तुला वाटत असेल, धूर तर नव्हता. नव्हताच. तू शेगडी बाहेर पॅसेजमध्ये पेटवायचीस, कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचीस, धुराचा मागमूस राहिला नाही हे बघूनच आत आणायचीस. बाळाच्या डोळ्यांना धूर लागू नये म्हणून तुझी केवढी ती काळजी. पण तो जो वायू असतो ना, त्याला धूर नसतो, रंग नसतो, वास नसतो. जळायला हवा लागते. हवा भरपूर मिळाली तर कोळसा नीट जळतो. कमी पडली तर अर्धवट जळतो, आणि त्या अर्धवट जळण्यातून हा वायू निघतो. शांत लालभडक निखाऱ्यांतूनसुद्धा. धूर असता तर आपण खोकलो असतो, डोळे चुरचुरले असते, तूच आधी धावत येऊन खिडकी उघडली असतीस. डॉक्टरांनी मला सांगितलं की हा वायू श्वासाबरोबर रक्तात जातो आणि हवेची जागा अडवून बसतो. एस.टी.त कसं, आपण आत चढेपर्यंत कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरलेली असते, तसं. हवा आत येते, पण तिला बसायला जागाच नाही. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरतो. त्याला कळतही नाही, नुसती झोप येते.

त्या दिवशी आत काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू स्वयंपाकघरात माझ्यासाठी आळिवाची खीर करत होतीस. मला छान ऊब लागत होती, हे आधी सांगते. कंबर शेकत होती आणि मला वाटत होतं, आपल्यासारखी सुखी कुणी नाही. इरा माझ्या कुशीत. मग कपाळ दुखायला लागलं. म्हटलं, रात्रीची झोप नाही, दुखणारच. समोर दोरीवर इराची ओली दुपटी वाळत होती आणि खिडकीच्या काचेला आतून घाम आला होता, ओघळ खाली येत होते. आणि गंमत बघ, मला तेव्हा शाळेतला धडा आठवला. पाण्याची वाफ, थंड काच, वाफेचं पुन्हा पाणी. पडल्या पडल्या मनात वर्गाला शिकवतसुद्धा होते. पण ही वाफ बाहेर का जात नाही, आणि वाफ अडकली असेल तर आणखी काय काय अडकलं असेल, हे काही केल्या डोक्यात आलं नाही. दरवर्षी मी ताटलीत मेणबत्ती लावते, वर काचेचा पेला पालथा घालते, मुलं मोठ्याने आकडे मोजतात आणि ज्योत विझली की टाळ्या वाजवतात. त्याच पेल्यात मी पोरीला घेऊन झोपले होते. शाळेत शिकवलेलं शाळेतच राहतं वाटतं, माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी येत नाही. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

त्यानंतरचं मला प्रेमाकाकूंनी सांगितलं. तू खिरीची वाटी घेऊन आत आलीस, हाक मारलीस, मी उठले नाही. तू इराला उचललंस तर तिची मान लुळी पडली. तू किंचाळलीस, आणि तिला छातीशी धरून तशीच पॅसेजमध्ये धावलीस. तुझा आवाज ऐकून शेजारचे आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. आई, तुला माहीत नसेल, पण त्या धावण्यानेच ती वाचली. पॅसेजमध्ये हवा होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ ती आत राहिली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं. हे तुला कुणी सांगितलं का? नाही सांगितलं. सगळ्यांनी फक्त अशक्तपणाची गोष्ट सांगितली.

आणि सुशांत हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तुला जे बोलला ते मला नंतर कळलं. ‘माझी पोर मारायला निघाला होतात’ असं बोलला ना? मला कळलं तेव्हा माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं. तो घाबरला होता, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाने काहीही बोलावं असं थोडंच आहे? आता तोंड एवढंसं करून फिरतो. गावाला येऊन तुझी माफी मागतो म्हणत होता, मी म्हटलं तू जाऊच नकोस, आणखी घोळ घालशील. पण तुझा राग त्याच्यावर नाही, हेही मला माहीत आहे. त्याच्यावर रागावली असतीस तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाली असतीस. इराला काचेच्या पेटीतून बाहेर काढलं आणि नर्स तुझ्याकडे द्यायला आली, तेव्हा तू हात मागे घेतलेस. ‘माका आता त्या पोराक हात लावूचो नाय’ म्हणालीस. मी पलंगावरून ऐकलं. आम्हाला घरी सोडायच्या दिवशी तू वरणभात करून झाकून ठेवलास, चावी प्रेमाकाकूंकडे दिलीस आणि निघून गेलीस. मी तान्ही पोर घेऊन दारात, आणि भाकरतुकडा ओवाळायला घरात कोण, तर निलेश! त्याने भाकरतुकडा समजून ब्रेडची स्लाईस ओवाळली. तेव्हा हसले, पण मग बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. मला तुझा राग आला होता, आई. अजूनही आहे. शेगडीबद्दल नाही. निघून गेलीस त्याबद्दल.

सोसायटीचं ऐक. सेक्रेटरींनी खाली बोर्डावर नोटीस लावली, की अडाणीपणाच्या जुन्या चालीरीती बंद कराव्यात, इमारतीत शेगडी पेटवणाऱ्यावर कारवाई होईल. अडाणीपणा! माझं टाळकंच सटकलं. ह्यांच्या मुलाला तूच न्हाऊ घातलंय, पायांवर. मी इराला निलेशकडे दिलं, खाली गेले, ती नोटीस काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, काका, धमकीने बाया ऐकणार नाहीत, त्या दार लावून करतील आणि मग आणखी कुणाची तरी लेक जाईल. त्यापेक्षा रविवारी सगळ्यांना खाली बोलवा. आल्या सगळ्या, चाळीतल्या जुन्या एकूण एक. मी टेबलावर मेणबत्ती नि पेला मांडून उभी, चौथीच्या वर्गात असते तशी. ज्योत विझली तेव्हा त्या माझ्या मुलांसारख्याच ओरडल्या. मग जुंपली. एक म्हणे, खिडकी उघडी ठेवली तर वारा लागेल. दुसरी म्हणे, रबराची पिशवी घेऊन काय शेक होतो, त्याला काय ओव्याचा वास येतो का? मी म्हटलं, वास हवा तर ओवा तव्यावर भाजून कपड्यात बांधा नि त्याने शेका, कोण नाही म्हणतंय. तेव्हा प्रेमाकाकू उठल्या आणि म्हणाल्या, नलूने केलं म्हणून कळलं तरी, आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. कुणी तुला नावं ठेवली नाहीत, आई. एकीनेही नाही. उलट मला विचारत होत्या, नलू कधी येते.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. मी हल्ली दिवसभर प्रयोग करते. इरा जागी असली की तिच्या डोक्यामागे बसते, तिला दिसणार नाही अशी, आणि देवाची घंटा वाजवते. कधी डब्यावर चमचा मारते. कधी टाळी. आवाज म्हणजे कंप, तो हवेतून पसरतो, कानाच्या पडद्यावर आपटतो, हे मी मुलांना दोरी लावलेल्या कागदी कपांचा फोन करून शिकवते. त्यात एक गोष्ट मी नेहमी सांगते, की प्रयोग करताना स्वतःला फसवायचं नाही. इरा कधी दचकते. मग मला वाटतं, झालं, ऐकू आलं. पण तेव्हा मी गादीला टेकलेली असते, गादी हलली म्हणून दचकली असेल. मग लांब उभी राहून वाजवते. ती छताकडे बघत राहते. मग वाटतं, माझी सावली पडली का, खेळण्यात लक्ष होतं का, पोट भरलं होतं का. परवा सुशांतने मला स्टीलचं ताट तिच्या मागे आपटताना बघितलं. ताट माझ्या हातातून घेतलं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

हॉस्पिटलमधून सोडायच्या आधी एका लहान मशीनवर तिचे कान तपासले होते. उजव्या कानाचं उत्तर बरं आलं, डाव्याचं आलंच नाही. नंतर पुन्हा केलं तर दोन्हींचं आलं नाही. त्या वायूने असं होऊ शकतं, आणि नसेलही झालं, कानात पाणी असेल, मळ असेल, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. आता मोठी तपासणी करायची आहे. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. त्यासाठी पोर गाढ झोपलेली हवी. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. ती झोपलीच नाही. माझ्या मांडीवर रडून रडून लालबुंद झाली, तारा ओढून काढल्या, शेवटी त्यांनी परत पाठवलं. झोपेचं औषध द्यायला डॉक्टर तयार नाहीत, एवढं सगळं होऊन गेल्यावर नको म्हणतात. आता येत्या मंगळवारी सकाळी बोलावलंय. तिथली बाई म्हणाली, घरी तेल लावून, गरम पाण्याने न्हाऊ घालून आणा, आणि जिच्या हातावर झोपते तिला बरोबर आणा. इरा माझ्या हातावर झोपत नाही, आई. माझे हात थरथरतात, ते तिला कळतं. ती झोपायची ती तू न्हाऊ घातल्यावर, तुझ्या मांडीवर. आत बाळाबरोबर एकालाच सोडतात. मी गेले तर माझा डोळा मशीनच्या पडद्यावरच्या रेघेवरून हलणार नाही आणि पोरीकडे बघायला कुणी उरणार नाही. तू तिच्याकडे बघशील. तुला माफ केलंय हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही, ते नंतर बघू, भांडायचं असेल तर भांडूही. मला भीती वाटतेय गं. जाम भीती वाटतेय, आणि ती सांगायला मला दुसरं कुणी नाही. निलेशने रविवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. तू ये. मंगळवारी इराला तूच न्हाऊ घाल, तूच आत घेऊन जा, आणि बाहेर आलीस की काय झालं ते मला तूच सांग. जे असेल ते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही.

तुझीच,
श्वेता